राज्य सरकार फार मोठं झालंय का? अर्थसंकल्पापासून तहसील कार्यालयापर्यंत मोजून पाहण्याची रीत

"सरकार फार वाढलंय" अशी तक्रार महाराष्ट्रात दोन वेगळ्या प्रकारची माणसं करतात. एकाला कर, कर्ज आणि योजनांवरचा खर्च खुपत असतो. दुसऱ्याचे दाखल्यासाठी हेलपाटे चालू असतात. पहिला माणूस सरकारच्या आकाराबद्दल बोलतोय, दुसरा हस्तक्षेपाबद्दल. ही दोन मापं वेगळी काढायची, शक्यतो वेगळ्या कागदावर. एकत्र केली की निष्कर्ष हमखास चुकतो. कारण आपल्याकडे बऱ्याचदा परवानग्या मागणारे नियम भरपूर असतात आणि परवानगी देणाऱ्याचं पद मात्र रिक्त असतं. अशा ठिकाणी "नोकरभरती थांबवा" म्हटलं की हेलपाटे वाढतात, सरकारचा जाच कमी होत नाही.

पुढची पद्धत महाराष्ट्रासाठी आहे. अभ्यासगट, वाचनालय, व्यापारी संघटना, महाविद्यालयातला राज्यशास्त्राचा वर्ग, कुणालाही ती वापरता येईल. तीन-चार जण असले आणि त्यातल्या एकाला संगणकावर तक्ते करता येत असले की पुरे.

आधी आकार

कागद पाच लागतात, पाचही फुकट मिळतात. वित्त विभागाच्या संकेतस्थळावर अर्थसंकल्पाची संक्षिप्त पुस्तिका आणि विभागवार तपशिलाची पुस्तकं असतात. अर्थसंकल्पाच्या तोंडावर अर्थ व सांख्यिकी संचालनालय 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' काढतं. राज्याचं सकल उत्पन्न (वर्षभरात राज्यात तयार होणाऱ्या वस्तू-सेवांचं मूल्य) तिथून घ्यायचं. चौथा कागद म्हणजे कॅगचा (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा) राज्याच्या वित्तव्यवस्थेवरचा अहवाल, पाचवा रिझर्व्ह बँकेचा सर्व राज्यांच्या अर्थसंकल्पांचा वार्षिक अभ्यास. इतर राज्यांशी तुलना करायची तर याच शेवटच्या कागदावरून करा. प्रत्येक राज्याचं पुस्तक वेगळं उघडून आकडे जुळवत बसलात तर वर्गीकरणातल्या फरकांनी हैराण व्हाल.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात एकाच बाबीपुढे चार रकाने असतात. २०२५-२६ च्या पुस्तकात २०२३-२४ ची प्रत्यक्ष रक्कम, २०२४-२५ चा मूळ अंदाज, २०२४-२५ चा सुधारित अंदाज आणि २०२५-२६ चा अंदाज असे ते दिसतील. वर्तमानपत्रात मथळा होतो तो शेवटच्या रकान्याचा. सरकार किती वाढलं हे पाहताना मात्र प्रत्यक्ष रकमेची तुलना प्रत्यक्ष रकमेशीच करायची. एका वर्षाचा अंदाज आणि दुसऱ्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च शेजारी ठेवला की वाढ वाटेल तशी फुगवता किंवा दाबता येते, आणि राजकीय भाषणांत नेमकं हेच चालतं.

आता मूळ भागाकार. २०२५-२६ चा अर्थसंकल्प १० मार्च २०२५ रोजी मांडला गेला. एकूण खर्च ७,००,०२० कोटी रुपये, महसुली जमा (कर, शुल्क, केंद्राकडून येणारा पैसा) ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च (पगार, व्याज, अनुदानं असा चालू खर्च) ६,०६,८५५ कोटी. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक, म्हणजे ४५,८९१ कोटी, ही महसुली तूट. त्या वर्षीचं अपेक्षित राज्य उत्पन्न ४९.३९ लाख कोटी धरलेलं होतं. ७ लाखाला ४९.३९ लाखाने भागलं की साधारण १४ टक्के येतात. राज्यात तयार होणाऱ्या दर १०० रुपयांमागे १४ रुपये राज्य सरकारच्या हातून खर्च व्हायचे, असा त्याचा अर्थ. "सात लाख कोटी" ऐकून छाती दडपते खरी, पण आकारावर बोलायचं तर या १४ टक्क्यांवर बोला आणि तेच गुणोत्तर मागच्या १० वर्षांसाठी काढा. नुसत्या रुपयांची तुलना केली तर महागाई आणि अर्थव्यवस्थेची वाढ दोन्ही सरकारच्या खात्यावर चढतात.

दरडोई खर्च काढणार असाल तर भाजक जपून निवडा. २०११ च्या जनगणनेतली ११.२४ कोटी लोकसंख्या घेतली तर दरडोई आकडा ६२,००० रुपयांच्या वर जातो. लोकसंख्या तेव्हापासून वाढली आहे, म्हणून आर्थिक पाहणीतली त्या त्या वर्षाची अंदाजित लोकसंख्या वापरा.

दहा वर्षांची मालिका लावली की काही वर्षांत आकडा उडी मारताना दिसेल. त्या प्रत्येक उडीमागे सरकार पसरलेलं असतंच असं नाही. २०१४-१५ पासून केंद्र पुरस्कृत योजनांचा पैसा थेट जिल्हा यंत्रणांकडे न जाता राज्याच्या एकत्रित निधीतून (म्हणजे मुख्य सरकारी खात्यातून) जाऊ लागला, त्यामुळे सगळ्याच राज्यांचे अर्थसंकल्प कागदावर मोठे झाले. २०१५ मध्ये चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के केला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. मूल्यवर्धित कराचा बराच भाग आणि मुंबईची जकात त्यात गेली, आणि जकातीपोटी महापालिकेला द्यायची भरपाई राज्याच्या खर्चात दिसू लागली. १ जानेवारी २०१९ पासून राज्य कर्मचाऱ्यांना सातवा वेतन आयोग लागू झाला. तेवढ्यानेच वेतनाचा आकडा वर गेला, त्यासाठी एकही नवा माणूस भरावा लागला नाही. आलेखावर या चार ठिकाणी उभ्या रेघा मारून ठेवा. पूर आणि अवकाळीची वर्षंही अशीच. मुख्य लेखाशीर्ष (खर्चाच्या प्रकाराला दिलेला हिशेबी क्रमांक) २२४५ खालचा मदतीचा खर्च वेगळा काढून पाहिला तर चित्र स्वच्छ होतं.

लेखाशीर्ष वाचायला शिका, बाकी सोपं आहे

विभागवार पुस्तकात प्रत्येक खर्चाला चार आकडी मुख्य लेखाशीर्ष असतं. ० ने सुरू होणारं जमेचं, २ आणि ३ ने सुरू होणारं महसुली खर्चाचं, ४ आणि ५ भांडवली (रस्ते, इमारतींसारखी मालमत्ता उभारण्याचं), ६ आणि ७ कर्ज व आगाऊ रकमा, ८ लोकलेख्याचं (भविष्यनिर्वाह निधीसारखा, सरकारने सांभाळायला घेतलेला लोकांचा पैसा). म्हणजे ००३० मुद्रांक व नोंदणी शुल्काची जमा, ००३९ राज्य उत्पादन शुल्काची, ००२९ जमीन महसुलाची. २०५५ पोलीस, २०७१ निवृत्तिवेतन, २०४९ व्याज, २२०२ सर्वसाधारण शिक्षण, २२१० आरोग्य, ५०५४ रस्ते व पूल. हे क्रमांक देशभर सारखेच आहेत, त्यामुळे एकदा लक्षात राहिले की कोणत्याही राज्याचं पुस्तक उघडता येतं.

शासन निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात "हा खर्च मागणी क्रमांक अमुक, लेखाशीर्ष तमुक खालून भागवावा" असं वाक्य असतं. बहुतेक लोक ते वाचत नाहीत. तिथे आठ आकडी योजना सांकेतांक असतो आणि त्याचे पहिले चार आकडे म्हणजे मुख्य लेखाशीर्ष. तो सांकेतांक महाकोष या राज्याच्या कोषागार संकेतस्थळावरच्या 'बीम्स' या निधीवाटप प्रणालीत टाकला की तरतूद किती, वितरित किती, खर्च किती हे दिसतं. नव्या योजनेच्या घोषणेनंतर ती खरोखर चालतेय की नुसती कागदावर आहे, हे कळण्याचा इतका सरळ मार्ग दुसरा नाही.

सर्वांत खाली उद्दिष्ट शीर्ष येतं, म्हणजे पैसा नेमका कशावर गेला ते: ०१ वेतन, १० कंत्राटी सेवा, १३ कार्यालयीन खर्च, २६ जाहिरात व प्रसिद्धी, २८ व्यावसायिक सेवा, ३१ सहायक अनुदाने (वेतनेतर), ३३ अर्थसहाय्य, ३६ सहायक अनुदाने (वेतन), ५० इतर खर्च. नवखा अभ्यासक फक्त ०१ ची बेरीज करतो आणि "वेतनावर एवढाच खर्च?" म्हणून थक्क होतो. अनुदानित शाळांच्या शिक्षकांचे आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांचे पगार ३६ खाली असतात, आणि ती रक्कम प्रचंड आहे. ०१ आणि ३६ नेहमी एकत्र धरा. त्यात २०७१ आणि २०४९ मिळवून एकूण महसुली जमेने भागलं की बांधील खर्चाचं प्रमाण निघतं. सरकारला मनात आलं तरी लगेच कमी करता येणार नाही असा हा भाग. तो वाढत असेल तर नव्या घोषणांसाठी जमेतून कमी पैसा उरतोय असं समजावं.

१०, २८ आणि ५० कडे मुद्दाम बघा, कारण माणसं इथे लपतात. नियमित पद न भरता बाह्ययंत्रणेकडून माणूस घेतला की तो वेतनाच्या आकड्यात दिसत नाही, पण खिडकीपलीकडे बसलेला असतो. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीची व्यवस्था केली होती. विरोध झाल्यावर पुढच्याच महिन्यात ती मागे घेतली गेली. प्रत्येक विभागात बाह्ययंत्रणेचे मनुष्यबळ आधीपासून आहेच. त्यामुळे "कर्मचारी कमी झाले" हा दावा या तीन शीर्षांशी ताडल्याशिवाय स्वीकारू नका.

पुरवणी मागण्या वेगळ्या मोजाव्या लागतात, आणि आमच्या मते सरकारच्या आकाराबद्दलची खरी काळजी इथेच आहे. राज्यघटनेच्या २०५ व्या अनुच्छेदाप्रमाणे मंजूर रक्कम अपुरी पडली किंवा नवा खर्च उद्भवला तर सरकार वर्षाच्या मध्ये पुन्हा सभागृहाकडे जातं. अनपेक्षित गरजेसाठीची ही सोय आता प्रत्येक अधिवेशनाचा नेम झाली आहे. २०२४-२५ चा मूळ अर्थसंकल्प ६,१२,२९३ कोटींचा होता आणि जुलै २०२४ च्या एकाच अधिवेशनात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. मूळ आकड्याच्या १५ टक्क्यांहून जास्त, तेही आर्थिक वर्ष सुरू होऊन चार महिने व्हायच्या आत. मोजताना एक काळजी घ्या. पुरवणीत काही रक्कम केवळ हिशेबी फिरवाफिरवीची असते, म्हणून प्रास्ताविकात दिलेला 'निव्वळ भार' धरा. त्या अधिवेशनात तो सुमारे ८८,७७० कोटी होता. दर वर्षीचा एकूण निव्वळ भार मूळ अर्थसंकल्पाच्या किती टक्के, हा तक्ता १० वर्षांचा करा. तो चढता असेल तर मार्चमधल्या अर्थसंकल्पावरची चर्चा अपुऱ्या आकड्यावरच होते असं म्हणायला आधार मिळतो. बऱ्याच विभागांच्या मागण्या चर्चेविना एकदम मंजूर होतात, ते दुखणं आणखी वेगळं.

एकेका योजनेचं वजनही याच टप्प्यावर तपासा. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठी २०२५-२६ मध्ये ३६,००० कोटींची तरतूद होती, म्हणजे एकूण खर्चाच्या सुमारे ५ टक्के. यावरून कुणी म्हणेल सरकार फुगलं. पण महिन्याला १,५०० रुपये थेट खात्यात टाकायला नवीन कार्यालयांची उतरंड लागत नाही आणि लाभार्थी महिलेने ते कशावर खर्च करायचे हेही सरकार सांगत नाही. तिजोरीवर बोजा मोठा, आयुष्यात ढवळाढवळ कमी, असं हे उदाहरण आहे. उलट काही कायद्यांना तिजोरीतून जवळपास काहीच लागत नाही, आणि ते घराच्या उंबऱ्यापर्यंत येतात.

बेरजेतल्या दोन चुका सर्रास होतात. पहिली, राज्याच्या अर्थसंकल्पात जिल्हा परिषदांचे आणि महापालिकांचे अर्थसंकल्प जसेच्या तसे मिळवणं. जिल्हा परिषदेचा बहुतेक पैसा राज्याचंच अनुदान असतो, तो दोनदा मोजला जातो. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. त्यातूनही राज्याकडून येणारी जकातीची भरपाई वजा करावी लागते. दुसरी चूक याच्या उलट: महामंडळं आणि प्राधिकरणांनी राज्याच्या हमीवर काढलेली कर्जं सोडून देणं. ती राज्याच्या तुटीत दिसत नाहीत. अर्थसंकल्पासोबत हमींचं विवरणपत्र असतं आणि कॅगच्या अहवालात अर्थसंकल्पाबाहेरच्या कर्जावर स्वतंत्र भाग असतो. तिथून रक्कम घ्या.

सत्ता खाली उतरतेय की वर चढतेय

हे माप पैशात येत नाही, पण वगळू नका. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय ठेवले. या विषयांची यादी घेऊन प्रत्येकापुढे तीन खुणा करा: निर्णय कोण घेतं, माणसं कोणाच्या हाताखाली आहेत, पैसा कोणाच्या सहीने निघतो. तिन्ही खुणा मंत्रालयाकडे जात असतील तर तो विषय खाली गेलेला नाही. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका रखडल्याने मुंबई महापालिकेवर मार्च २०२२ पासून प्रशासक होता. मतदान झालं ते जानेवारी २०२६ मध्ये. जवळपास चार वर्षं एवढ्या मोठ्या शहराचा कारभार राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाती राहिला, आणि याची नोंद कोणत्याही तुटीच्या आकड्यात सापडत नाही.

मंत्र्यांच्या संख्येवर मात्र फार वेळ घालवू नका. ९१ व्या घटनादुरुस्तीने ती विधानसभेच्या १५ टक्क्यांवर बांधली आहे, म्हणजे २८८ च्या सभागृहात मुख्यमंत्र्यांसह ४३. महामंडळांच्या अध्यक्षांना मिळणारा मंत्र्याचा दर्जा त्या मर्यादेत येत नाही. तो मोजायचा तर सामान्य प्रशासन विभागाचे शासन निर्णय चाळा.

आता हस्तक्षेप

"कायदे किती आहेत" हे मोजून काही हाती लागत नाही. एखादा व्यवसाय किंवा आयुष्यातली एखादी घटना घ्या आणि तिच्यासाठी सरकारच्या किती दारांवर जावं लागतं ते लिहा. छोटी खानावळ हे चांगलं उदाहरण, कारण तिथे केंद्र, राज्य आणि महापालिका तिघंही भेटतात.

तक्त्याला रकाने असे करा: कोणता कायदा; तो कुणी केला; कोणती हानी टाळण्यासाठी; आधी परवानगी, नोंदणी की नुसती सूचना; शुल्क; मुदत; किती वर्षांनी पुन्हा; तपासणीला कोण येतं; आणि अधिकाऱ्याने उत्तरच दिलं नाही तर काय. हा शेवटचा रकाना सगळ्यांत बोलका असतो.

खानावळीसाठी अन्न सुरक्षा कायदा केंद्राचा, २००६ चा. अंमलबजावणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. वजनकाट्याची पडताळणी केंद्राच्या २००९ च्या कायद्याखाली, पण शिक्का मारणारा निरीक्षक राज्याचा. व्यवसाय कर राज्याचा, मात्र वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदातली. अग्निसुरक्षा राज्याच्या २००६ च्या कायद्याखाली, आणि तो लागू असलेल्या इमारतीत परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये 'ब' नमुना (आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) भरून घ्यावा लागतो. आरोग्य परवाना महापालिकेचा. "राज्य सरकार त्रास देतं" म्हणण्याआधी दुसरा रकाना भरा. बऱ्याचदा नियम दिल्लीचा आणि राग मुंबईवर निघतो. नियम एकाचा आणि जाच करणारा दुसरा, हेही इथेच उघड होतं.

राज्याने स्वतः मागे सरकायचं ठरवलं तर काय होतं, याचा नमुना याच तक्त्यात आहे. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली अगदी लहान दुकानालाही नोंदणी लागायची. त्याच्या जागी आलेल्या २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीतून सोडलं. त्यांनी फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० वर नेण्याचा निर्णय घेतला. जमिनीतही असंच: महसूल संहितेच्या ४२-ड कलमाने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत वेगळ्या अकृषिक (शेतीबाहेरच्या वापराच्या) परवानगीची गरज काढून टाकली, तेव्हा फक्त रूपांतर कर आणि अकृषिक आकारणी भरायची होती. आणि 'उत्तर नाही तर काय' या रकान्यासाठी नगररचना अधिनियमाचं ४५ वं कलम पाहा: विकास नियमांत काटेकोर बसणाऱ्या प्रस्तावावर ६० दिवसांत काहीच कळवलं नाही, तर परवानगी मानीव, म्हणजे मिळाल्यासारखी, धरली जाते.

आता दुसऱ्या टोकाची उदाहरणं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला आजही वैयक्तिक परवाना लागतो. पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांकडे तो असतो. एवढ्या सर्रास मोडल्या जाणाऱ्या नियमाने व्यसन आटोक्यात येत नाही. पोलिसाला हवा तेव्हा हवा तो माणूस पकडायचं निमित्त तेवढं मिळतं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाखाली भाडेकरार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे आणि चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नोंदणी दोघांच्या हिताची आहे, त्यात वाद नाही. पण दिवाणी स्वरूपाच्या चुकीला तुरुंगाची शिक्षा कशासाठी, हा प्रश्न तक्त्यात लाल शाईने लिहिण्यासारखा आहे.

प्रत्येक ओळीला शेवटी दोन प्रश्न विचारा. नियम काढला तर तिसऱ्या माणसाचं नेमकं काय बिघडेल? आणि तेच संरक्षण हलक्या उपायाने मिळेल का: परवानगीऐवजी सूचना, प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणा, वार्षिक तपासणीऐवजी निवडक तपासणी? अग्निसुरक्षा पहिल्या प्रश्नाला टिकते. सरकारनेच दिलेल्या दाखल्याची प्रत दुसऱ्या सरकारी खिडकीवर पुन्हा मागणं टिकत नाही.

पदं आणि फाइली: माहिती कशी काढायची

विभागवार पदांचा आकडा अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या कर्मचारीविषयक माहितीकोषात मिळतो. तुमच्या तालुक्याचं चित्र हवं असेल तर माहिती अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, शुल्क १० रुपये. मजकूर असा ठेवा:

"आपल्या कार्यालयातील दि. ३१ मार्च २०१६, ३१ मार्च २०२० व ३१ मार्च २०२५ रोजीची संवर्गनिहाय मंजूर, भरलेली व रिक्त पदे. तसेच याच तारखांना बाह्ययंत्रणेमार्फत कार्यरत मनुष्यबळाची संख्या व त्याबाबतच्या कार्यादेशांच्या प्रती मिळाव्यात."

"पदं रिक्त का ठेवली" असं विचारू नका. कारण विचारणं म्हणजे माहिती मागणं नव्हे, असं उत्तर येतं आणि ३० दिवस वाया जातात. "माहिती संकलित स्वरूपात नाही" असं कळवलं तर अभिलेख प्रत्यक्ष पाहू द्या म्हणून मागणी करा. पहिल्या तासाला शुल्क नाही. याहून सोपी वाट म्हणजे २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय: जिल्हास्तरीय आणि त्याखालच्या कार्यालयांत, तसंच स्थानिक स्वराज्य संस्थांत, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख नागरिकांना पाहायला खुले असतात. जाताना त्या निर्णयाची छापील प्रत न्या. कित्येक कार्यालयांत तो माहीतच नसतो.

जाच कमी करून घ्यायची हत्यारं

पहिलं, ९ मार्च २०१५ चा सामान्य प्रशासन विभागाचा शासन निर्णय. कायद्याने प्रतिज्ञापत्र बंधनकारक नसेल तिथे साधं स्वयंघोषणापत्र आणि स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती स्वीकारायच्या, असं त्यात म्हटलंय. दुसरं, मुद्रांक. ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच दस्तांना १०० ऐवजी किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांचं शुल्क मात्र १ जुलै २००४ च्या अधिसूचनेने माफ आहे. तरीही उत्पन्नाच्या किंवा जातीच्या दाखल्यासाठी ५०० चा मुद्रांक आणायला पिटाळलं जातं. गरीब विद्यार्थ्याचे ५०० रुपये असे विनाकारण जाणं ही साधी गोष्ट नाही. अधिसूचना दाखवा आणि "मुद्रांक हवा असं लेखी द्या" म्हणा.

तिसरं, ठरावीक सेवा ठरावीक मुदतीत देणं बंधनकारक करणारा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५. २८ एप्रिल २०१५ पासून तो लागू आहे. अर्ज 'आपले सरकार' संकेतस्थळावर करा, कारण तिथे अर्जाला क्रमांक मिळतो आणि मुदतीचं घड्याळ सुरू होतं. उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत १५ दिवसांची. कागद खिडकीवर नुसता ठेवून आलात तर घड्याळ सुरूच होत नाही. लोकांचे बहुतेक दावे इथे पडतात. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला की ३० दिवसांत पहिलं अपील, त्यावरच्या निर्णयानंतर ३० दिवसांत दुसरं, आणि मग ६० दिवसांत लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरं. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होतो. दंडाची रक्कम लहान आहे, पण अपिलात त्या अधिकाऱ्याला विलंबाचं कारण द्यावं लागतं, आणि फाइल बहुधा त्याच आठवड्यात हलते.

सेवा या कायद्याखाली अधिसूचित (जाहीर केलेल्या यादीत) नसेल तर २००५ चा बदल्या व विलंब प्रतिबंध अधिनियम आहे, कार्यालयांत ज्याला 'दफ्तर दिरंगाई कायदा' म्हणतात. त्याच्या १० व्या कलमाने एका कर्मचाऱ्याकडे फाइल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. अर्जात या कलमाचा उल्लेख करून "फाइल कोणत्या तारखेपासून कोणत्या टेबलावर आहे" एवढंच विचारा.

नवा नियम येतोय तेव्हा

झालेला नियम काढणं कठीण, मसुद्यात तो बदलणं त्या मानाने सोपं. मसुदा नियम राजपत्रात हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध होतात आणि बहुधा ३० दिवस असतात. प्रारूप विकास आराखड्यालाही ३० दिवस. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तर समिती जाहिरात देऊन सूचना मागवते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकावर समितीकडे १२ हजारांहून जास्त सूचना आल्या आणि जुलै २०२५ मध्ये मंजूर होण्याआधी मसुद्यातल्या काही शब्दरचना बदलल्या गेल्या. कायद्याबद्दलचं आपलं मत काहीही असो, एवढ्या सूचना आल्या नसत्या तर मजकूर तसाच राहिला असता, असं आम्हाला वाटतं.

हरकत लिहिताना एका परिच्छेदात एकच कलम घ्या. कलमाचा क्रमांक, त्यातले अडचणीचे शब्द, त्याने कुणाचं काय नुकसान होतं, आणि त्याजागी तुम्हाला हवे असलेले शब्द, या क्रमाने. "हा नियम अन्यायकारक आहे, रद्द करावा" एवढंच लिहिलेल्या हजार पत्रांना एका ओळीत उत्तर देता येतं. पर्यायी शब्दरचना दिलेल्या पत्रावर शेरा मारावा लागतो. वर केलेल्या तक्त्यातली ओळ इथे जोडा: हीच हानी टाळायला आधीच कोणता परवाना आहे, शुल्क किती, मुदत किती. दंडाच्या तरतुदीत "कैद किंवा दंड" दिसलं तर कैद का हवी हे स्वतंत्रपणे विचारा. नियमात मुदत असेल पण 'उत्तर नाही तर काय' याबद्दल शब्दच नसेल, तर मानीव परवानगीचं वाक्य सुचवा.

हरकत ईमेलने आणि कागदावर, अशी दोन्हीकडून पाठवा आणि कागदावर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्या. हरकती मागवणं कायद्याने बंधनकारक असताना त्या विचारात न घेता नियम केला, तर तो उच्च न्यायालयात आव्हान द्यायचा मुद्दा होतो, आणि तिथे पहिला प्रश्न येतो तो हरकत मुदतीत पोहोचल्याच्या पुराव्याचा. हरकतींची मुदत संपली की सगळ्या हरकतींची माहिती माहिती अधिकारात मागा आणि तक्ता करा: एकूण किती आल्या, किती मान्य झाल्या, फेटाळलेल्यांवर काय शेरा आहे.